पात्राच्या मनावरील हुकमत

रंगमंचावर, बाहुल्यांच्या खेळात आणि अलीकडे संगणकाच्या काचेवर जी जी पात्रे वावरतात, त्यांच्या हर्षविषादाचे मुखत्यारपत्र शेवटी कोणाच्या हाती असते, हा प्रश्न ज्यांना केवळ तात्त्विक वाटतो त्यांनी मराठी खेळांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास, आणि विशेषतः ठाण्याहून डोंबिवलीवरून कल्याणास जाणाऱ्या वीसेक किलोमीटरांच्या लोहमार्गालगत तो कसा घडला हे, एकदा क्रमाने पाहावे. पात्राने केव्हा शोक करावा, केव्हा क्रोधाने लाल व्हावे, केव्हा भयाने कापावे, याचा हुकूम देण्याचा अधिकार प्रथम सर्वांसमक्ष उभ्या असलेल्या एका माणसाकडे होता. पुढे तो पात्राच्या अंतरंगात गेला आणि बाहेरच्या माणसाकडे केवळ शब्दांची राखण उरली. आणि आता, जिला संगणकाची आज्ञापंक्ती म्हणतात त्या एका टंकलेल्या ओळीच्या रूपाने, तो पुन्हा बाहेर आला आहे. या अधिकाराच्या हस्तांतराची हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

मराठी नाटकाचा प्रारंभ ज्या दिवसापासून मोजतात तो ५ नोव्हेंबर १८४३ हा दिवस सांगलीचा. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळीचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना मराठीतही असे काही व्हावे असे वाटले, त्यांनी ती कामगिरी विष्णुदास अमृत भावे या आपल्या पदरच्या तरुणावर सोपविली, आणि राजाश्रयाखाली ‘सीतास्वयंवर’ झाले. त्या खेळाची रचना आजच्या प्रेक्षकास अगदी अपरिचित वाटेल अशी होती. सूत्रधार आणि त्याचे साथीदार टाळ-मृदंग घेऊन आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावरच असत. पात्रांची भाषणे कोणी लिहून दिलेली नसत. लिहिलेली असत ती पदे, आणि ती म्हणावयाची ती पात्रांनी नव्हे, सूत्रधाराने. सीता चिंतेत पडली आहे, रावणाच्या अंगाचा क्रोधाने दाह होत आहे, जनकाला आपल्या प्रतिज्ञेचा पश्चात्ताप होत आहे, असे सूत्रधार पदातून सांगे, आणि ते ऐकताच तोवर स्वस्थ बसलेले पात्र ती वृत्ती अंगावर घेऊन हातवारे करी व आपल्या बुद्धीप्रमाणे त्या क्षणी सुचेल ते भाषण करी. पद हा हुकूम होता, आणि भाषण ही त्याची तामिली होती.

या खेळांना पुढच्या पिढीतील सुशिक्षितांनी ‘अललडुर्र’ म्हणून हिणविले. राक्षसपार्टीचा नट राळेचा भपकारा उडत असता आरोळी ठोकून प्रवेश करी, तलवार गरगर फिरवी, आणि कित्येकदा त्याचा आवेश इतका वाढे की पुढच्या रांगेतील मुले रडू लागत. हे सर्व खरेच असंस्कृत होते असे ज्यांना वाटले त्यांचा मला राग येत नाही. परंतु त्या टवाळीच्या भरात त्या खेळातील एक अतिशय सूक्ष्म व्यवस्था दृष्टीआड झाली याचे मला मनापासून वाईट वाटते. पात्राच्या मनात काय घालावयाचे हे सूत्रधार ठरवी, पण ते घातल्यानंतर पात्र त्याचे काय करील हे त्याच्या स्वाधीन नसे. आणि हुकूम जो सुटे तो कुजबुजत नव्हे, भर सभेत, ताल धरून सुटे. रावणाला क्रोध का आला हे रावणाच्या आधी प्रेक्षकाला कळलेले असे. नटाच्या चेहऱ्यावर तो क्रोध उमटताना प्रेक्षक जणू तपासून पाहात असत की दिलेला हुकूम पुरता बजावला गेला की नाही.

भाव्यांनी लाकडी बाहुल्याही करविल्या होत्या, आणि त्या बाहुल्यांचा सांभाळ व जीर्णोद्धार आपल्या काळात रामदास पाध्ये यांनी केला, ही गोष्ट अनेकांस ठाऊक असेल. बाहुलीचा मुखवटा कोरलेला असतो तोच अखेरपर्यंत राहतो. तिला भुवई उचलता येत नाही की ओठ दुमडता येत नाही. तरीही मागून स्वर बदलला आणि मान थोडी कलली की त्याच लाकडी मुखावर प्रेक्षकाला दुःख दिसू लागते. पात्राचे मन पात्रात असावे लागत नाही, ते बाहेरून पुरविता येते, याचा याहून निःसंदिग्ध दाखला मला ठाऊक नाही.

मात्र ते पुरविण्याचा एक नियम आहे, आणि तो आपल्याकडे फार प्राचीन आहे. भरताने नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव गणले, ते पुष्कळांना पाठ असतात. परंतु त्या गणनेहून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की भाव हा एकटा कधीच सांगितलेला नाही. त्याच्या आधी विभाव हवा, म्हणजे ज्याच्यामुळे व ज्या परिस्थितीत तो उत्पन्न होतो ते कारण हवे. त्याच्या नंतर अनुभाव हवा, म्हणजे शरीरावर दिसणारे त्याचे कार्य हवे. के. ना. वाटवे यांनी १९४२ साली ‘रसविमर्श’ लिहून या सर्व व्यवस्थेची आधुनिक मानसशास्त्राशी सांगड घातली. आणि ज्या रा. श्री. जोगांनी ‘अभिनव काव्यप्रकाश’ लिहून संस्कृत साहित्यशास्त्र मराठी विद्यार्थ्याच्या हाती दिले, तेच १९६० साली ठाण्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कारणावाचून आलेला शोक हा शोक नव्हे, तो केवळ अश्रूंचा देखावा होय, हा विचार ठाणे जिल्ह्यातील वाचकाला परका मुळीच नव्हता, एवढे सुचविण्यापुरताच मी हा उल्लेख करीत आहे. पुढे यंत्रातील पात्रांकडे वळल्यावर याच विभावाशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

सूत्रधाराची हुकमत फार दिवस टिकली नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले, त्यातील भाषणे छापलेली व निश्चित होती, आणि पात्राने काय बोलावे याचा निर्णय प्रयोगाच्या आधीच, लेखकाच्या बैठकीवर, होऊ लागला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा तर सूत्रधार प्रारंभी येऊन, नटीशी चार शब्द बोलून निघून गेला आणि पदे ज्याची त्याने म्हणावयाची असा नवा कायदा सुरू झाला. शकुंतलेला काय वाटते ते आता शकुंतलाच गाऊन सांगू लागली. हे स्थित्यंतर आपण संगीताच्या अंगाने पुष्कळ अभ्यासले आहे. परंतु अधिकाराच्या दृष्टीने पाहिले तर तो एक मोठा तहनामा होता, कारण त्या दिवशी पात्राच्या मनाचा मुलूख सूत्रधाराच्या अंमलाखालून निघून नटाच्या अंमलाखाली गेला.

भाव्यांची मंडळी मुंबईस आली ते साल १८५३, आणि त्याच वर्षाच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, मार्ग कल्याणास पोचला. १८६३ त बोरघाट आणि १८६५ त थळघाट खुला झाल्यावर पुण्याचा व नाशिकचा असे दोन्ही रस्ते कल्याणास येऊन मिळाले, आणि पुण्याकडून किंवा खानदेशातून मुंबईस जाणारी प्रत्येक नाटक मंडळी, पडदे, पेट्या, तबले, दागिने आणि आचारी यांच्यासह, रेल्वेने निघाली की या गावांवरून जाऊ लागली. जुन्या सुभ्याच्या कल्याणात १८६४ साली सार्वजनिक वाचनालय निघाले, ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. म्हणजे नाटक पाहण्याआधी नाटकाचे पुस्तक वाचलेला प्रेक्षक येथे लवकर तयार झाला. असा प्रेक्षक नटाची चूक चटकन पकडतो. छापील शब्दाचा अंमल एकदा बसला की त्या शब्दाची राखण करणारा कोणीतरी लागतो, आणि तो माणूस म्हणजे प्रॉम्प्टर.

या प्रांतातील नाट्यजीवनाचा खरा कणा व्यावसायिक मंडळ्यांपेक्षा हौशी मंडळ्या होत्या, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळच्या गाडीने कचेरीत जाणारा आणि दिवेलागणीनंतर परतणारा कारकून, शिक्षक, बँकेतील नोकरदार, गिरणीतील फिटर, हे सर्व रात्री एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा वाड्याच्या ओसरीवर तालमीसाठी जमत. प्रयोग व्हावयाचा तो गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा स्नेहसंमेलनात. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्यावर या हौसेला शिस्त आली, १९७८ साली ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन उभे राहिले, पुढे कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर झाले, आणि मांडवातील नाटक कायमच्या छपराखाली आले. तालमीला वेळ थोडा, दिवसभराच्या श्रमाने डोके शिणलेले, पाठांतर कच्चे. अशा नटांच्या नाटकात विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरशिवाय दुसरा अंक गाठणे कठीण होते.

त्या माणसाच्या कामाचे वर्णन कोणी विस्ताराने केलेले माझ्या वाचनात नाही, म्हणून थोडे थांबून करतो. त्याच्या हाती नाटकाची प्रत असे, तिच्या समासात पेन्सिलीने खुणा असत, मंद दिव्याचा प्रकाश केवळ पानावर पडावा म्हणून त्यावर कागदाचा आडोसा असे. नटाच्या वाक्याच्या अर्धे वाक्य पुढे त्याची दृष्टी धावत असे. ओठ न हलविता, श्वासाबरोबर, पहिला शब्द असा टाकावयाचा की तो नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. पुढे रंगमंचावर ध्वनिक्षेपक टांगले गेल्यावर हे काम अधिकच अवघड झाले, कारण यंत्राचा कान नट व प्रॉम्प्टर असा भेद करीत नाही. पण याहून कठीण गोष्ट वेगळीच होती. नट मध्येच थांबला तर तो शब्द विसरला म्हणून थांबला, की दुःखाने कंठ दाटला म्हणून थांबला, हे एका क्षणात ओळखावे लागे. विसरला असता शब्द न द्यावा तर प्रसंग कोसळतो. दाटून आला असता शब्द द्यावा तर साधलेला परिणाम नाहीसा होतो. चांगला प्रॉम्प्टर नटाच्या खांद्यांकडे पाही, कारण विसरलेल्या माणसाचे खांदे वर येतात आणि दुःखी माणसाचे खाली जातात. शब्दांचा तो मुनीम होता, भावनांवर त्याचा अधिकार काडीइतकाही नव्हता, आणि तरीही पात्राच्या मनात या घटकेला काय चालले आहे हे सभागृहात सर्वांत अधिक अचूक त्यालाच जाणावे लागे. सूत्रधाराकडून सत्ता काढून घेतल्यावर उरलेले हे पद इतके विनम्र व इतके जोखमीचे होते.

आता यंत्राकडे वळावयाचे. संगणकाच्या खेळांत पात्राला मन आहे असा आभास निर्माण करण्याचे प्रयत्न अमेरिकेत व इंग्लंडात झाले. १९८५ साली डेव्हिड क्रेन यांनी अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीसाठी ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ नावाचा खेळ केला. त्यात पडद्यावर एका घराचा उभा छेद दिसे, त्यात एक चिमुकला गृहस्थ आपल्या कुत्र्यासह राही, आणि खेळणाऱ्याने कळफलकावर ‘कृपा करून पियानो वाजव’ अशा अर्थाचे वाक्य टंकले तर त्याची मर्जी असेल तेव्हाच तो वाजवी. मर्जी सांभाळावयाची ती खाद्य, पाणी, पुस्तके आणि गाण्याच्या तबकड्या देऊन. विनंती करता येई, हुकूम करता येत नसे. १९९६ साली स्टीव्ह ग्रँड यांच्या ‘क्रीचर्स’मध्ये प्राण्यांच्या रक्तात भूक, भय, वेदना यांची कल्पित रसायने वाहू लागली, आणि त्या मालिकेच्या तिसऱ्या खेळात, १९९९ साली, आज्ञेची एक ओळ टंकून एखाद्या प्राण्याच्या रक्तातील अमुक रसायन अमुक मात्रेने वाढविता येऊ लागले. विनवणी संपून फर्मान निघू लागले ते या सुमारास, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्याकडे ही फर्माने आली ती सायबर कॅफेतून. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकास खुले केले, आणि पुढच्या काही वर्षांत ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीच्या फडके रस्त्यालगतच्या गल्ल्यांत, कल्याणच्या स्टेशनाभोवती, लाकडी कप्प्यांत संगणक मांडून तासावर पैसे घेणारी दुकाने निघाली. पत्रव्यवहार आणि परीक्षांचे निकाल पाहण्यासाठी निघालेल्या या दुकानांत शाळा सुटल्यावर मुले खेळण्यासाठी जमत. ‘व्हाइस सिटी’ हा खेळ २००३ साली संगणकावर आला आणि त्याने या दुकानांत जे राज्य केले ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगावयास नको. त्या खेळाचे गुप्त संकेत मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलेले असत आणि ती पाने मित्रामित्रांत फिरत. गाडी हवी, शस्त्र हवे, पाऊस हवा, यासाठी निरनिराळे शब्द होतेच. परंतु त्यांत असेही शब्द होते की जे टंकताच त्या कल्पित नगरातील यच्चयावत नागरिकांची मनोवृत्ती पालटे. ‘फाइट’ हा शब्द सलग तीनदा टंकला की रस्त्यावरची शांत माणसे एकमेकांवर तुटून पडत. ‘नोबडी लाइक्स मी’ हे शब्द एकत्र जोडून टंकले की सर्व नगर खेळणाऱ्याच्या जिवावर उठे. हे शब्द टंकण्यास पडद्यावर वेगळी जागाही नव्हती. खेळ चालू असतानाच कळा दाबावयाच्या, आणि हुकूम लागू. तो मागे घेण्याची तजवीज मात्र नव्हती, म्हणून अनुभवी मुले नवख्याला बजावीत की हा संकेत टाकल्यावर खेळ ‘सेव्ह’ करू नकोस, नाहीतर ते नगर कायमचे तसेच राहील. एका बाकड्यावरून दुसऱ्या बाकड्यावर दिलेला हा इशारा मला या साऱ्या इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. मनावर केलेला हुकूम दप्तरी दाखल झाला की तो पुसता येत नाही, हे त्या मुलांनी आपसात ठरवून टाकलेले होते.

त्या नगराच्या क्रोधाला कारण नव्हते. विभावाशिवाय उसळलेला तो रौद्र होता, आणि म्हणूनच पाच-दहा मिनिटांत मुलांना त्याचा कंटाळा येई. ज्या खेळाने पात्राच्या भावनेला कारण जोडून देण्याची सक्ती केली तो याच काळात अमेरिकेत दोन भाऊ रचीत होते. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स यांनी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या खेळाचे काम २००२ साली सुरू केले आणि ८ ऑगस्ट २००६ रोजी तो प्रथम लोकांच्या हाती दिला. डोंगर खोदून किल्ला वसविणाऱ्या बुटक्यांचा हा खेळ प्रदीर्घ काळ चित्रांवाचून, केवळ अक्षरे व चिन्हे यांच्या रूपाने पडद्यावर दिसे; तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहात प्रथमच जे निवडक संगणक-खेळ घेतले त्यांत त्याला स्थान मिळाले. त्याचे वैभव पडद्यावर नव्हते, आतील दप्तरात होते. प्रत्येक बुटक्याच्या स्वभावाचे पन्नास पैलू अंकांनी नोंदलेले असत, आणि त्याला जे जे वाटले त्याची स्वतंत्र नोंद राहात असे: भावना कोणती, कशामुळे, तिचे बळ किती, कोणत्या वर्षी, आणि वर्षाच्या कोणत्या क्षणी. या किल्ल्यातील वर्ष अठ्ठावीस दिवसांच्या बारा महिन्यांचे आणि दिवस बाराशे क्षणांचा, म्हणजे वर्षाचे क्षण ४,०३,२००. एवढ्या बारकाईने कोणाच्या दुःखाची तारीख कोणत्याही जमाबंदीत घातली गेली नसेल. आप्त मेला तर शोक, सुंदर भोजनगृहात जेवण झाले तर समाधान, पावसात भिजला तर त्रागा. आणि या सर्वांतून साचत जाणारा मनावरचा ताण एका वेगळ्या आकड्यात जमा होई. ताण असह्य झालेला बुटका तोडफोड करी, कोणाला मारी, मेलेल्याचे आप्त शोकाने वेडे होत, ते आणखी कोणाला मारीत, आणि एका माणसाच्या दुःखाने संबंध किल्ला उजाड होई. हा विनाश पाहिलेल्या खेळाडूंना त्या दप्तरात हात घालण्याची इच्छा झाली तर नवल नाही.

२००९ च्या सुमारास पेत्र म्राझेक यांनी आरंभिलेले आणि पुढे अनेकांनी वाढविलेले ‘डीएफहॅक’ हे साधन या इच्छेतून निघालेल्या अनेक साधनांपैकी एक होय. खेळ चालू असताना संगणकाच्या स्मृतीत त्याचे दप्तर कोठे व कसे मांडलेले आहे याचा शोध घ्यावयाचा, आणि शेजारच्या काळ्या चौकटीत आज्ञा टंकून त्यातील नोंदी वाचावयाच्या वा बदलावयाच्या, ही त्याची पद्धत. २०१४ साली खेळाची भावनाव्यवस्था नव्याने रचली गेल्यावर या साधनात ‘अ‍ॅड-थॉट’ नावाची आज्ञा आली. तिचे काम एकच: निवडलेल्या पात्राच्या मनाच्या दप्तरात एक नवी नोंद घालणे. परंतु ती नोंद घालताना आज्ञेला केवळ भावना सांगून भागत नाही. भावनेपाठोपाठ तिचे कारण सांगावे लागते, कारणाला पोटकारण असेल तर तेही, आणि मग तिचे बळ. शोक घालावयाचा तर कशाचा शोक, हा रकाना रिकामा राहात नाही. आणि नोंद एकदा पडली की त्या बुटक्याच्या वर्णनाच्या पानावर ती स्वाभाविक नोंदींच्या शेजारीच, त्याच वाक्यरचनेत, वाचावयास मिळते. कोणती नोंद जगण्यातून आली आणि कोणती बाहेरून हुकमाने पडली हे त्या पानावर कळत नाही.

या साधनाचा उपयोग करणारे सर्वच लोक लहरी नव्हते. खेळात नवा सण, नवा देव, नवे हत्यार घालणाऱ्यास त्याविषयी पात्रांना काहीतरी वाटावे अशी सोय हवी असे, आणि त्याच्या लिखित सूचना या आज्ञेला आपसूक हाक मारीत. या वापराविषयी मला आदर आहे, कारण त्यात भाव्यांच्या सूत्रधाराचे काम पुन्हा सजीव झाले: कारण सांगा, भाव जागा करा, आणि पुढे पात्र आपल्या स्वभावाप्रमाणे काय करते ते पाहात राहा. पन्नास पैलूंच्या त्या स्वभावामुळे एकच शोक एकाला मोडतो आणि दुसऱ्याला शिवतही नाही, जसे एकाच पदावर दोन नट दोन तऱ्हेची भाषणे करीत. याच साधनातील दुसरी एक आज्ञा मात्र मला मान्य होत नाही. ताण नाहीसा करणारी ती आज्ञा तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सामान्यतः शून्य ते पाच लक्ष या दरम्यान वावरणारा ताणाचा आकडा एकदम उणे दहा लक्षांवर नेऊन ठेवी. तिच्यात कारणाचा रकाना नाही. किल्ला वाचतो हे खरे. पण ज्याची बायको गेली तो बुटका कोणी सांत्वन केल्यावाचून, काही घडल्यावाचून, तिसऱ्या प्रहरी शांतपणे पुन्हा कुदळ उचलतो, आणि त्या शांततेला मी समाधान म्हणावयास तयार नाही. सायबर कॅफेतील तो निष्कारण क्रोध आणि ही निष्कारण शांती, दोन्ही एकाच जातीच्या आहेत.

६ डिसेंबर २०२२ रोजी हा खेळ चित्रांसह नव्या रूपात विकावयास आला आणि अक्षरांचा किल्ला न समजणाऱ्यांनाही तो खुला झाला. डीएफहॅकही त्यापाठोपाठ नव्या रूपास जुळवून घेण्यात आले आणि आजही विनामूल्य मिळते. या साधनाबरोबर जे कागद येतात त्यांत ज्यांनी ज्यांनी त्यात हातभार लावला त्यांच्या नावांची यादी दिलेली असते, टोपणनावासह. आमच्या हौशी नाटकांच्या हस्तपत्रिकांत मात्र नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा इतकेच काय चहापाण्याची व्यवस्था करणाऱ्याचेही आभार छापलेले मी पाहिले आहेत. प्रॉम्प्टरचे नाव क्वचितच आढळले. प्रॉम्प्टरांच्या, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेल्या, प्रती अजून ठाण्या-कल्याणच्या जुन्या घरांतील माळ्यांवर असतील, आणि गुप्त संकेतांनी भरलेली शाळेच्या वह्यांची शेवटची पानेही काही घरांत अजून असतील. कल्याणच्या वाचनालयाने आणि ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाने या दोन्ही प्रकारचे कागद, रद्दीत जाण्यापूर्वी, मागवून घ्यावेत. प्रतीवर नाटकाचे नाव व प्रयोगाचे साल, वहीवर शाळेची इयत्ता व गाव, एवढी नोंद केली तरी पुढच्या अभ्यासकास पुरेल.